चार मिनिटं पाठमोरी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, आठ फूट बाय अकरा फुटांचं एक दुकान होतं. दोन शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीतल्या खिळ्यांना टांगलेल्या पँटी आणि दारावर हातानं रंगवलेली पाटी: 'कपडे आल्टर करून मिळतील'. त्या पाटीमुळे दुकानाच्या मालकिणीला सगळे आल्टरवाल्या बाई म्हणत. मी तिला नुसतं 'बाई' म्हणे. मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आणि दुसऱ्या मजल्यावर राहणारी. ती मला 'ताई' म्हणे आणि अहो-जाहो करी. एकवीस वर्षं आमचं असंच चाललं.

बाईचा हात फार साफ होता. माणूस दारातून आत आला की टेप लावायच्या आधीच तिला त्याचं माप कळे. "डावा खांदा उतरलाय तुमचा, पिशवी दुसऱ्या हातात धरत जा," असं ती परक्या माणसालाही सुनावत असे. कमरेचं माप देताना कुणी श्वास रोखला तर म्हणे, "पोट आत घेऊ नका, साहेब. ते नंतर बाहेर येणारच आहे, आणि तेव्हा मी शेजारी नसेन." गिऱ्हाइकं हसत आणि पुन्हा येत.

तिच्या टेबलाच्या पायाशी, एका बुटक्या स्टुलावर, तिची मुलगी बसलेली असे. मुलगी म्हणायची, पण वय चौतीस. कानशिलांवर केस पांढरे झालेले. सगळे तिला छकी म्हणत. छकीला बोलता येत नव्हतं. हातात एक जुना मापाचा टेप असे आणि तो ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवी, मग उलट. दिवसभर. तिच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मापासूनच नव्हता. हे कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तोवर एका डॉक्टरनं मतिमंद म्हटलं होतं, दुसऱ्यानं ऑटिझम, आणि तिसऱ्यानं बाईलाच विचारलं होतं की गरोदरपणात काय काय खाल्लं. नवरा या तिसऱ्या डॉक्टरच्या सुमारास जो गेला, तो परत आला नाही.

छकीची एक गोष्ट सगळ्यांना आवडे, ती म्हणजे तिचं हसू. पोस्टमन आला, गॅसवाला आला, कुणी रस्ता विचारायला डोकावलं, तरी छकी तोंडभर हसे आणि दोन्ही हात पुढे करी. येणारा विरघळून जाई. "किती गोड आहे हो," म्हणे. बाई मशीनवरून मान न उचलता म्हणे, "गोड आहे. जगाला."

कारण बाईच्या वाट्याला ते हसू येत नसे. बाई दहा मिनिटांसाठी दोरा आणायला गेली आणि परत आली, की छकी स्टुलावरच्या स्टुलावर गर्रकन फिरे आणि तिच्याकडे पाठ करून बसे. बाई खांदे धरून तिला आपल्याकडे वळवी. "इकडे बघ ना गं, आले ना मी." मग छकी स्वतःचे केस ओढी, कधी मनगट चावी. मनगटावर कायमचा एक जाड घट्टा पडला होता.

"जगाला हसू, मला पाठ," बाई म्हणायची. थट्टेनंच म्हणायची. पण एकदा बटणं निवडता निवडता म्हणाली, "ताई, एक विचारू? ही माझ्याजवळ राहते ती मी हिची आई आहे म्हणून, की स्टूल इथे आहे म्हणून?"

मी खाली पडलेलं एक बटण उचलून तिच्या हातात दिलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एक शिक्षक आपला कोट न्यायला दुकानात आले. छकीनं हसून हात पुढे केले. त्यांना वाटलं, बाई आतल्या बाजूला गेली असेल. ते छकीचा हात धरून चांगली पंधरा मिनिटं उभे राहिले. मग त्यांना टेबलाआडून बाहेर आलेली दोन पावलं दिसली. बाई बेशुद्ध पडली होती. त्यांच्या स्वागताला यायला छकी आईला ओलांडून आली होती.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं की हृदयाचा ठोका मधेच चुकतो. औषधं आहेत, यंत्रही बसवू, पण पुन्हा होणारच नाही असं नाही. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "तुमची सोय मी बघतो. मुलीची सोय तुम्ही बघा." गावाबाहेर, बसनं पन्नास मिनिटांवर, अशा मोठ्या झालेल्या मुलांसाठी एक घर आहे. आठ जण राहतात. तिथे सप्टेंबरात एक जागा रिकामी होणार होती. जुलैअखेर हो किंवा नाही कळवायचं होतं.

त्याच डॉक्टरनं छकीचं नाव सांगितल्यामुळे मार्चमध्ये संशोधन करणारी एक मुलगी दुकानात आली. तिशीची असेल. केस आखूड, पाठीवर मोठी पिशवी. एका कानात तिनं काहीतरी खुपसलेलं होतं.

"कानात काय, गाणी?" बाईनं विचारलं.

"नाही काकू. यात दर पंधरा सेकंदांनी टिक् असा आवाज होतो. तो झाला की त्या क्षणी समोरची व्यक्ती काय करतेय, ते कागदावरच्या चौकोनात लिहायचं."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग घरी गेल्यावर नवऱ्याकडे बघून पण टिक् होतं का गं?"

मुलगी इतकी हसली की छकीनं तिला मिठीच मारली. त्या दिवसापासून ती आमची टिकटिकबाई झाली.

टिकटिकबाई ज्या मुलांवर अभ्यास करत होती, ती सगळी छकीसारखीच, तोच तुकडा नसलेली. सगळी मिळून अडतीस. छकी त्यांत वयानं सर्वांत मोठी निघाली. "म्हणजे पहिला नंबर आला म्हणायचा," बाई छकीला म्हणाली. "शाळेत नाही आला, इथे आला."

आपण काय शोधतोय, ते टिकटिकबाईनं तिथेच छकीच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसून समजावलं. ऑटिझम आहे की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे एक यादी असते. त्या यादीवर खुणा करत गेलं तर छकीसारखी निम्मी मुलं ऑटिझममध्ये बसतात. "पण बसतात म्हणजे तशीच असतात असं नाही, काकू. एखादं मूल माणसांना टाळतं. तुमची छकी माणसांवर झेप घेते. दोघांचे गुण मात्र सारखेच भरतात. मग दोघांना एकच पाटी आणि एकच उपाय."

बाईनं सुईत दोरा ओवला. "म्हणजे दोन माणसांची छाती चाळीस, पण एकाचा खांदा उतरता. एकच कोट दोघांना घातलात तर एकाच्या पाठीत चुणी पडणार."

"हे मी माझ्या भाषणात वापरलं तर चालेल?"

"वापर. पण माझं एक काम कर." बाईनं हातातलं शिवण खाली ठेवलं. "सप्टेंबरात हिला पाठवायचं की नाही, ते मला ठरवायचंय. हिला मीच लागते, की कुणीही चालतं? एवढं मला सांग. कुणीही चालत असेल तर मी सुखानं पाठवेन. ते घर चांगलं आहे."

"आणि तुम्हीच लागत असाल तर?"

"तर काय करायचं ते मला माहीत नाही," बाई म्हणाली. "पण मला कळू दे."

टिकटिकबाईनं वचन दिलं नाही, हे मला आवडलं. "दिसेल ते सांगेन," एवढंच ती म्हणाली.

सहा आठवडे छकीच्या वागण्याची डायरी लिहायची होती. बाईला खडूनं कापडावर खुणा करण्यापलीकडे लिहायची सवय नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी रोज सकाळी दहा ते एक खाली जाऊन बसू लागले. पहिल्या आठवड्याची पानं टिकटिकबाईला दिली तेव्हा, खरं सांगायचं तर, अक्षराचं कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 'आई बाजारातून आली. छकी रागावली. केस ओढले.'

"आजी, हा राग कुठे होता?"

"म्हणजे?"

"तुम्हाला दिसला ना? मग कुठे दिसला? कपाळावर? हातात?"

मी आठवून पाहिलं. छकीची पाठ तेव्हा माझ्याकडे होती. मला तिचा चेहरा दिसलाच नव्हता. केस ओढले म्हणून मी राग लिहिला होता. मनाचं लिहिलं होतं. लहानपणी शाळेत सिस्टर ज्या चुकीसाठी माझी वही परत करत, तीच चूक मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी केली होती.

"जे दिसलं तेच लिहा," ती हळुवार म्हणाली. "आधी काय झालं, मग काय, त्यानंतर काय. आणि घड्याळ बघून."

पुढचे पाच आठवडे मी तसं लिहिलं. बाई परत आली, असे एकोणीस प्रसंग माझ्या वहीत आहेत. 'आई आत आली. छकी वळली, पाठ आईकडे. आईनं खांदे धरून तिला पुढे वळवलं. छकीनं केस ओढले.' एकोणीस वेळा हाच क्रम मी स्वतःच्या हातानं लिहिला, आणि तरी तो मला दिसला नाही. तो टिकटिकबाईला दिसला.

"काकू," तिनं विचारलं, "तुम्ही तिला वळवलं नाहीत, तर ती काय करते?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "वळवत नाही असं कधी झालंच नाही."

मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही तिघी टिकटिकबाईच्या केंद्रात गेलो. एक साधी खोली. एक टेबल, एक सोफा, छताला दोन कॅमेरे. एका भिंतीत काच, जिच्या पलीकडून आतलं दिसतं पण आतून पलीकडचं दिसत नाही. छकीपाशी एक अनोळखी बाई बसणार होत्या. मग मी, बाई आणि तिथली एक कारकून, अशा तिघींनी पाळीपाळीनं खोलीत छकीबरोबर बसायचं, बारा मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं. तिघींना सारखे निळे कोट घालायला दिले. बाईनं माझा कोट बघितला आणि म्हणाली, "बाह्या दीड इंच लांब आहेत. थांबा, दुमडून देते." अशा वेळीसुद्धा.

परत आल्यावर काही म्हणजे काही करायचं नव्हतं. दारापासून दोन पावलांवर उभं राहायचं. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही.

"माझे हात बांधून ठेव हवं तर," बाई म्हणाली.

आधी माझी पाळी झाली. मी परत आल्यावर छकी हसली आणि तिनं हात पुढे केले. कारकून आली तेव्हा तिलाही हसली. मग बाईची पाळी आली आणि मी काचेच्या पलीकडे टिकटिकबाईशेजारी बसले. बाई बाहेर गेली. बारा मिनिटांत छकीनं दाराकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही नाही. अनोळखी बाईंचा हात धरून हसत बसली होती. मला बाईसाठी फार वाईट वाटलं.

दार उघडलं. बाई आत आली, दोन पावलं चालून थांबली. स्वतःचे हात आवरायला तिनं आपली दोन्ही कोपरं घट्ट धरली होती. छकी उठली, वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खोलीतलं कुणी हललं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाईची बोटं कोपरांवर पांढरी पडलेली मला काचेतून दिसत होती. तिसऱ्या मिनिटाला तिचे ओठ हलले, पण तिनं हाक मारली नाही.

चौथं मिनिट संपता संपता छकीनं एक पाऊल मागे टाकलं. न बघता. मग दुसरं. पाठमोरीच, हळूहळू, जमीन चाचपत ती मागे मागे सरकत आली आणि तिची पाठ बाईच्या पोटाला टेकली. मग तिनं आपलं सगळं वजन मागे सोडून दिलं, जसं कुणी दिवसाच्या शेवटी खुर्चीत बसतं तसं.

केस ओढले नाहीत. मनगट चावलं नाही.

टिकटिकबाईच्या कानात टिक् झालं असणारच. पण तिच्या कागदावरचे दोन चौकोन कोरे राहिलेले मी पाहिले.

बाहेर आल्यावर बाईनं निळा कोट काढून घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "चौतीस वर्षं मी तिला मधेच धरून फिरवत आले. चार मिनिटं काही मी थांबले नाही."

दोन आठवड्यांनी टिकटिकबाई दुकानात आली. ती चित्रफीत तिनं दुसऱ्या एका सहकाऱ्याला दाखवली होती. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. चित्रफीत अशी कापली होती की येणारी बाई दिसणार नाही, फक्त छकी दिसेल. त्याला विचारलं, परत येणाऱ्या तिघींपैकी हिची आई कोणती?

"त्यानं तिसरीकडे बोट दाखवलं, काकू. म्हणजे तुमच्याकडे."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे कुणीही चालतं असं नाही. हसू सगळ्यांसाठी आहे, ते या सिंड्रोमबरोबर येतं. आमच्या अडतीसही मुलांत आहे. हे पाठ फिरवणं फक्त तुमच्यासाठी आहे. तिच्या मनात काय असतं, ते मी सांगू शकत नाही. त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही. पण फक्त तुमच्यासाठी, एवढं सांगू शकते."

"एवढं पुष्कळ झालं," बाई म्हणाली. आणि वळून मशीनवर बसली, आणि बसल्या बसल्या तिनं सुई मोडली.

त्यानंतरचे सात आठवडे बाईनं काय केलं ते मला हसू आणतं आणि हसू लगेच मावळतं. ती सारखी बाहेर जाऊ लागली. दूध आणायला, दोरा आणायला, कोपऱ्यावर नुसतं उभं राहायला. परत यायला मिळावं म्हणून. दारात आली की कोपरं धरून उभी राही, आणि गिऱ्हाईक असलं तर त्यालाही चार मिनिटं गप्प उभं करी. एक दिवस तिसऱ्यांदा माझ्या दारात येऊन म्हणाली, "ताई, तुमचं दूध संपलं असेल ना?"

"अगं, आत्ताच तर आणून दिलंस."

"मग नासलं असेल."

"नासेल कसं? तापवलं आत्ता."

"तुम्ही एवढं नीट का करता हो सगळं?" ती चिडून म्हणाली, आणि आम्ही दोघी जिन्यात हसत बसलो.

त्या घराचं पत्र मशीनच्या खणात पडून होतं. मी विचारलं की ती म्हणे, "नाही पाठवत. चौतीस वर्षांनी आत्ता कुठे मला ती भेटतेय."

जुलैच्या तेवीस तारखेला ती दूध घेऊन परत येताना रस्त्यातच कोसळली. लोकांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. मी तेव्हा दवाखान्यात डोळे तपासायला गेले होते. परत आले तेव्हा दुकानात छकी एकटीच होती, सव्वा तास. टेप बोटांतून फिरवत. इस्त्री चालू राहिली होती आणि टेबलावरच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीत तळहाताएवढं तपकिरी भोक पडलं होतं.

बाई घरी आल्यावर तो शर्ट मी तिला दाखवला नाही. तिनंच तो शोधून काढला. त्या भोकातून हात घालून कितीतरी वेळ बसली. तीस जुलैला तिनं कागदावर सही केली.

सप्टेंबरात छकी गेली. बसमध्ये चढताना कंडक्टरला हसली, त्या घराच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्यांना हसली. तिथला नियम होता की पहिले दहा दिवस घरच्यांनी यायचं नाही. ते दहा दिवस बाईनं दुकान उघडं ठेवलं, पण हात चालेनात. एका पँटचा एक पाय तिनं दोन इंच आखूड कापला. एकवीस वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं. गिऱ्हाइकाला तोंड वर करून म्हणाली, "उंच दिसाल." आणि मग माफी मागून त्याला नवीन कापड लावून दिलं. संध्याकाळी ती कोपऱ्यापर्यंत जाऊन येई आणि दारात उभी राही. स्टूल तसंच होतं. मी म्हटलं, "स्टूल आत ठेवू का?" तर म्हणाली, "राहू दे. त्याचा काय त्रास आहे?"

अकराव्या दिवशी सकाळी दहा-दहाच्या बसनं आम्ही गेलो. छकी मोठ्या टेबलाशी बसली होती. केस छान विंचरलेले, मनगटावरचा घट्टा थोडा मऊ पडलेला. बाई दारातून दोन पावलं आत गेली आणि तिनं कोपरं धरली.

छकीनं मान वर केली आणि ती हसली. तोंडभर. दोन्ही हात पुढे केले. आधी बाईकडे, मग माझ्याकडे, दोघींकडे अगदी सारखे.

बाईनं तिचे हात हातात घेतले. थोड्या वेळानं "पाणी पिऊन येते" म्हणून बाहेर गेली, दहा मिनिटांनी परत आली. छकी हसली. ज्या हसण्यासाठी तिनं चौतीस वर्षं वाट पाहिली, ते तिला एका सकाळीत दोनदा मिळालं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "ताई," ती म्हणाली, "पाहुणी झाले मी."

मी टिकटिकबाईला फोन लावून दिला. बाईनं विचारलं, "पुन्हा होईल का गं? किती दिवस लागतात?"

"माझ्याकडे आकडा नाही, काकू," पलीकडून आवाज आला. "आमच्या अडतीसांपैकी घर सोडून राहायला गेलेली छकी पहिलीच."

"इथेही पहिला नंबर," बाई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही जात राहिलो. छकीचं वजन वाढलं. तिथल्या आठ जणांमध्ये ती रमली. दर रविवारी ती हसली. बाईनं एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही, फक्त दर वेळी एखादं काम काढून मधेच बाहेर जाऊन येई. जानेवारीपर्यंत मीही त्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी तिथली एक कर्मचारी बाईपाशी येऊन बसली. कंबरेला चाव्यांचा जुडगा असायचा म्हणून आम्ही तिला चाव्यांवाली म्हणायचो. चाळिशीची, मोठ्या आवाजाची, कामाला वाघ. त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता.

"छकीच्या आई, तुम्हाला एक सांगू? रागवू नका. तुमची लेक माझ्यावर रुसलीय."

"रुसलीय म्हणजे?"

"मी सुट्टीवरून आले ना, की माझ्याकडे पाठच करते. बाकी सगळ्यांना हसते, मलाच पाठ. मी एवढं करते हो तिचं. न्हाऊ घालते, भरवते. काय वाकडं केलं मी? आणि समजावून पुढे वळवते तर मनगट चावते बघा."

मी बाईकडे पाहिलं नाही. माझ्याच्यानं बघवलं नसतं. टेबलावर कुणाचा तरी पेला होता, त्याकडे पाहत राहिले.

"कधीपासून?" बाईनं विचारलं.

"झाला की महिना."

"तुलाच? दुसऱ्या कुणाला नाही?"

"कुणालाच नाही. मलाच मेलीला."

बाईनं छकीकडे एकदा पाहिलं. मग बाई म्हणाली, "वळवू नकोस तिला."

"मग काय करू?"

"ऊठ. फाटकापर्यंत जा, पाच-सात मिनिटं थांब आणि परत ये. आत आलीस की दोन पावलांवर उभी राहा. हात लावायचा नाही. हाक मारायची नाही. हात आवरत नसतील तर असे धर." आणि तिनं स्वतःची कोपरं धरून दाखवली.

चाव्यांवालीला काही कळलं नाही, पण ती गेली. तिच्या चाव्यांचा आवाज दूर गेला. आम्ही खिडकीखालच्या सोफ्यावर बसलो होतो, छकी खोलीच्या मधोमध. चाव्यांचा आवाज पुन्हा जवळ आला. चाव्यांवाली दारात आली, दोन पावलं चालली आणि थांबली.

छकी उठली आणि वळली. दाराकडे पाठ, आणि तोंड आमच्याकडे.

दुकानात बाई परत यायची तेव्हा हे तोंड भिंतीकडे असे. केंद्रातही भिंतीकडेच होतं. चौतीस वर्षांत बाईनं त्या वेळचा छकीचा चेहरा पाहिला नव्हता, आणि आता तो तिच्यासमोर होता, चार हातांवर. काय दिसलं तेवढंच लिहिते. डोळे घट्ट मिटलेले. ओठ आत घेतलेले. फार गार पाण्यात उतरताना माणूस जसा श्वास धरतो, तसा धरलेला श्वास. मग तो थोडा थोडा सोडलेला. कपाळाच्या दोन आठ्या एकेक करून गेल्या. हनुवटी थरथरली आणि थांबली. हसू कुठेच नव्हतं.

माझ्या घड्याळात तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती, तेव्हा तिनं मागे पहिलं पाऊल टाकलं. बाईपासून लांब, एकेक पाऊल, ती चाव्यांवालीकडे सरकत गेली आणि तिला टेकली.

"अगंबाई," चाव्यांवाली कुजबुजली. "आता काय करू?"

"काही नाही," बाई म्हणाली. "वजन येईल अंगावर. ते धर."

चाव्यांवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई मान किंचित कलती करून, माप घेताना बघते तशी, छकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. छकीनं डोळे उघडले, तिला समोर आई दिसली, आणि ती हसली.

निघताना बाईनं चाव्यांवालीचा हात धरला. "दर वेळी थांबशील ना?"

"थांबेन की. चारच तर मिनिटं."

"कामाची घाई असली तरी?"

"असली तरी."

बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर बसून बाईनं पर्स उघडली, मिटली. "मला हेच हवं होतं ना, ताई? माझ्यामागे तिला कुणीतरी आपलं वाटावं, हेच ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग असं का होतंय हो मला?"

मी तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली. थोड्या वेळानं ती आपणहून म्हणाली, "किती जड असतं तिला ते. मी समजत होते, ती मला टाळतेय." आणि नंतर, बस दिसल्यावर, "माझ्यासाठीही असाच चेहरा करत असेल, नाही?"

आम्ही अजून दर रविवारी जातो. दार उघडंच असतं. बाई कोपरं धरून दारात थांबते. मी तिच्यामागे थांबते, घाई करत नाही. आत छकी मान वर करते आणि हसते. मग बाई आत जाते.